गणित टिकले, मराठी घसरले

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळू लागल्यापासून सहामाहीत मराठी-इतिहासाचे गुण घसरले, गणित जैसे थे. मोबाइल काढून घ्यावा का? (एक पालक, सातारा)

उत्तर : हा तपशील बोलका आहे. ओहायोच्या डेनिसन विद्यापीठातील संशोधकांचा २०१० मधला प्रयोग आठवतो. घरी व्हिडिओ गेम नसलेल्या ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी काहींना लगेच प्लेस्टेशन मिळाले, इतरांना चार महिन्यांनी. लगेच मिळालेल्यांचे वाचन-लेखन मागे पडले; गणितात लक्षणीय फरक दिसला नाही. शाळेनंतरचा अभ्यासाचा वेळ गेमने खाल्ला असावा, असे संशोधकांचे म्हणणे. ती मुले वयाने लहान होती, पण वेळेचा हिशेब आठवीतही तोच.

हिसकावाहिसकावीने घरात महाभारत तेवढे होईल. बीजीएमआयची एक मॅच साधारण अर्धा तास चालते, मध्येच थांबवता येत नाही. ‘पान वाढलंय’ अशी हाक येते, तेव्हा स्क्वॉडमधले, म्हणजे त्याच्या संघातले, तिघे त्याच्या भरवशावर असतात. म्हणून मिनिटे नव्हे, मॅच ठरवाव्यात : गृहपाठ आणि वाचन झाल्यावर एक, सुट्टीच्या दिवशी दोन. रात्री फोन मोठ्यांच्या खोलीत.

व्यसनाचा शिक्का इतक्यात नको. झोप, शाळा, मित्र सगळेच सुटू लागले, तर मात्र समुपदेशकांना गाठावे.