देखरेखीतील अखंड संपर्क : सॉफ्टवेअर कंटेनर आणि पानिपतचे उदाहरण

१७६० च्या ऑक्टोबरअखेरीस अहमदशहा अब्दालीने बागपत येथे यमुना ओलांडली आणि उत्तरेत असलेल्या मराठी फौजेचा दिल्लीशी व दक्षिणेशी असलेला मार्ग अडवला. त्यानंतर सदाशिवरावभाऊंच्या पानिपत येथील छावणीतून दक्षिणेकडे पोहोचणारी पत्रे दुर्मीळ होत गेली. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची वार्ता मिळाली, ती एका सावकारी पत्रातून. पत्र येत नाही याचा अर्थ वाट अडली, जासूद पकडला गेला की फौजच संकटात आहे, हे दूर असलेल्या माणसाला ठरवता येत नव्हते.

आज जासुदांची जागा संगणकीय जाळ्याने घेतली आहे. तरीही दूरच्या यंत्रणेकडून संदेश येणे थांबले तर त्याचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न कायम आहे. सॉफ्टवेअर कंटेनरांवर देखरेख ठेवणाऱ्या अभियंत्यांनी त्याची काही नेमकी उत्तरे शोधली आहेत. पानिपतमध्येच आज कारखान्यांच्या धुराची आणि सांडपाण्याची मोजमापे इंटरनेटद्वारे नियामकाकडे पाठवली जातात. तेथेही हाच प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही व्यवस्थांचा एकत्रित विचार केला आहे.

सॉफ्टवेअर कंटेनर : संकल्पना

१९५६ मध्ये अमेरिकेत मालवाहू कंटेनरची आधुनिक वाहतूक सुरू झाली. आतील माल कोणताही असो, पेटीचा आकार ठरलेला असल्यामुळे ती जहाज, रेल्वे किंवा मालमोटार यांवर सारख्याच सुलभतेने चढवता येऊ लागली. सॉफ्टवेअर कंटेनरमागील कल्पना हीच आहे. एखादा प्रोग्रॅम आणि तो चालण्यास लागणाऱ्या सर्व पूरक फायली एका संचात बांधल्या जातात व तो संच कोणत्याही सुसंगत संगणकावर तसाच चालवता येतो. आभासी संगणकात स्वतंत्र कार्यप्रणाली बसवावी लागते. कंटेनर मात्र मूळ संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा इतरांसमवेत वापरतात. त्यामुळे ते हलके असतात आणि काही सेकंदांत सुरू होतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत लोकप्रिय केली. शेकडो संगणकांवरील हजारो कंटेनरांचे नियोजन करणारी कुबरनेटीस ही प्रणाली गूगलने जून २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

कंटेनर अल्पायुषी असतात. मागणी वाढली की नवे सुरू होतात, ती घटली की बंद केले जातात. त्यामुळे दिवसातून एकदा येऊन पाहणी करणारी तपासणी येथे निरुपयोगी ठरते. कोणता कंटेनर चालू आहे, तो किती स्मृती वापरतो, त्याच्या नोंदवहीत कोणत्या त्रुटी उमटत आहेत, ही माहिती सतत मिळत राहावी लागते.

अखंड जोडणीची गरज

ही माहिती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात देखरेख करणारी यंत्रणा ठराविक अंतराने विचारणा करते आणि उत्तर घेते. दुसऱ्यात एकदा केलेली जोडणी उघडीच ठेवली जाते व बदल होताच माहिती तिच्यावरून येते. इंटरनेटवरील बहुतांश व्यवहार ज्या टीसीपी नियमावलीवर चालतात, तिच्यानुसार प्रत्येक नव्या जोडणीपूर्वी तीन प्राथमिक संदेशांची देवाणघेवाण करावी लागते. संदेश सांकेतिक स्वरूपात पाठवायचे असल्यास आणखी काही संदेश वाढतात. प्रत्येक वाक्यासाठी नव्याने दूरध्वनी लावण्यापेक्षा तो चालू ठेवणे सोयीचे, असा हा हिशेब आहे. कुबरनेटीसमधील विविध घटक मध्यवर्ती यंत्रणेशी अशीच दीर्घकाळ उघडी जोडणी ठेवून बदलांवर नजर ठेवतात. ब्राउझर व सर्व्हर यांच्यात दुतर्फी अखंड जोडणी देणारी वेबसॉकेट नियमावली डिसेंबर २०११ मध्ये प्रमाणित झाली.

जोडणी तुटल्याचे कसे कळते?

टीसीपीच्या जोडणीवर पाठवण्यासारखे काही नसेल, तर काहीच पाठवले जात नाही. परिणामी, समोरचा संगणक अचानक बंद पडला, तरी शांतपणे ऐकत बसलेल्या बाजूला ती जोडणी जिवंतच भासते. लिनक्स कार्यप्रणालीत जोडणी जिवंत आहे का हे तपासण्याची सोय आहे. मात्र तिच्या मूळ मांडणीत पहिली चाचणी २ तासांच्या शांततेनंतर होते आणि मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चाचण्या फसल्यावर जोडणी मृत ठरते. म्हणजे दोष कळण्यास २ तास ११ मिनिटे लागतात. दुसरीकडे, वाटेतील सुरक्षा भिंती व पत्ते बदलणारी उपकरणे निष्क्रिय जोडण्या अनेकदा काही मिनिटांतच विसरून जातात.

यावर उपाय म्हणून देखरेखीच्या यंत्रणा स्वतःचा स्पंदन-संदेश पाठवतात. सांगण्यासारखे काही नसले, तरी 'मी आहे' एवढे ठराविक अंतराने कळवायचे, हे त्याचे स्वरूप. कुबरनेटीसमध्ये प्रत्येक संगणक साधारणपणे दर १० सेकंदांनी अशी नोंद नूतनीकृत करतो. काही काळ नोंद आली नाही तर त्या संगणकाची स्थिती बदलली जाते. ही बदललेली स्थिती 'बिघडलेला' अशी नसून 'अज्ञात' अशी असते, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. संपर्क तुटला असला तरी तेथील कंटेनर व्यवस्थित चालू असू शकतात. ही अवस्था कायम राहिल्यास, मूळ मांडणीनुसार आणखी ५ मिनिटांनी तेथील काम अन्यत्र हलवण्याची प्रक्रिया सुरू होते. थोडक्यात, 'ठीक', 'बिघाड' आणि 'अज्ञात' अशा तीन स्थिती मानल्या जातात व तिसऱ्या स्थितीत काय करायचे, हे आधीच ठरलेले असते.

पुन्हा जोडणी करण्याचेही नियम आहेत. मध्यवर्ती यंत्रणा क्षणभर बंद पडून सुरू झाली आणि हजारो कंटेनरांनी एकाच वेळी धाव घेतली, तर ती पुन्हा कोलमडू शकते. म्हणून प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट केला जातो व त्यात यादृच्छिक फरक ठेवला जातो. तसेच प्रत्येक बदलाला क्रमनिर्देशक दिलेला असल्यामुळे, जेथे खंड पडला तेथून पुढची माहिती मागता येते. खंड फार मोठा असेल तर संपूर्ण यादी नव्याने घ्यावी लागते.

स्पंदनाचे अर्थशास्त्र

अखंड संपर्क विनामूल्य नसतो. १,००० कंटेनर दर १० सेकंदांनी एक स्पंदन पाठवत असतील, तर सेकंदाला १०० आणि दिवसाला ८६.४ लाख संदेश हाताळावे लागतात. हे अंतर १ मिनिट केले, तर भार एकषष्ठांश होतो. परंतु बिघाड कळण्यास त्याच प्रमाणात उशीर होतो. याउलट अंतर फार कमी ठेवल्यास जाळ्यातील किरकोळ अडथळाही बिघाड म्हणून नोंदला जातो आणि खोट्या इशाऱ्यांमुळे खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष होऊ लागते. उशिरा कळण्याने होणारे नुकसान आणि लवकर कळण्यासाठी येणारा खर्च यांचा मेळ घालूनच हे अंतर ठरते.

पानिपत : धुराडे, नाला आणि सर्व्हर

हरियाणातील पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. इंडियन ऑइलचा १९९८ मध्ये कार्यान्वित झालेला तेलशुद्धीकरण कारखाना, औष्णिक विद्युत केंद्र, हातमाग व यंत्रमाग, घोंगड्या-ब्लँकेट, जुन्या कपड्यांपासून सूत काढणारे कारखाने आणि रंगाई उद्योग ही या जिल्ह्याची औद्योगिक ओळख आहे. हे उद्योग हजारो कुटुंबांना रोजगार देतात. त्याबरोबर हवा व पाणी यांवर भारही टाकतात.

अशा उद्योगांच्या संदर्भात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये महत्त्वाचे निर्देश दिले. अति प्रदूषणकारी ठरवलेल्या १७ प्रवर्गांतील उद्योगांनी, तसेच सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांनी, उत्सर्जन व सांडपाणी यांचे ऑनलाइन सतत मापन करणारी यंत्रणा बसवावी, असे त्यांचे स्वरूप होते. तेलशुद्धीकरण आणि औष्णिक वीज हे दोन्ही या १७ प्रवर्गांत आहेत. धुराड्यातील संवेदक मोजमाप करतो, नोंदयंत्र ते साठवते आणि इंटरनेटद्वारे केंद्रीय व राज्य मंडळांच्या सर्व्हरकडे पाठवते. रचनेच्या दृष्टीने पाहता हा कंटेनरांवरील देखरेखीचाच आराखडा आहे.

या संपर्काचे महत्त्व यमुनेच्या पाण्यात दिसते. पानिपतकडील नाल्याचे पाणी यमुनेला मिळते आणि तीच नदी पुढे दिल्लीतील वझिराबाद येथे पोहोचते. नदीतील अमोनियाचे प्रमाण वाढल्यामुळे वझिराबाद व चंद्रावळ येथील जलशुद्धीकरण केंद्रांना अनेकदा उत्पादन कमी करावे लागले आहे व दिल्लीतील वस्त्यांचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला आहे. अशा वेळी पानिपत व सोनीपतकडून येणाऱ्या सांडपाण्याकडे बोट दाखवले जाते आणि दोन राज्यांत वाद उभा राहतो. कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या तासाला, किती प्रदूषक बाहेर पडले, याची अखंड नोंद असेल, तर वादाचा निर्णय पुराव्यावर होऊ शकतो. नेमक्या त्याच तासांची नोंद नसेल, तर निर्दोष कारखानाही संशयात राहतो आणि दोषी सुटू शकतो. नळ कोरडा पडलेल्या कुटुंबाला दोन्ही परिस्थितींत न्याय मिळत नाही.

हवेच्या बाबतीत एक उपयुक्त नियम आहे. २०१५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय वायु गुणवत्ता निर्देशांक काढण्यासाठी किमान ३ प्रदूषकांची माहिती लागते. त्यांपैकी एक पीएम २.५ किंवा पीएम १० असणे बंधनकारक आहे आणि किमान १६ तासांची माहिती आवश्यक मानली जाते. ती उपलब्ध नसेल तर निर्देशांक काढला जात नाही. माहितीचा अभाव म्हणजे स्वच्छ हवा नव्हे, हे तत्त्व या नियमाने मान्य केले आहे.

मौनाची किंमत कोणी मोजावी?

कंटेनर आणि कारखाना यांत एक मूलभूत भेद आहे. कंटेनरला काही लपवायचे नसते. उत्सर्जन मर्यादेबाहेर गेलेल्या उद्योगाला मात्र मौन फायद्याचे ठरू शकते. अर्थशास्त्रात यास माहितीची विषमता म्हणतात. या विषयावरील कार्यासाठी जॉर्ज अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मर्यादाभंगासाठी दंड असेल व संपर्क तुटण्यासाठी काहीच नसेल, तर वीज गेली, केबल तुटली, संवेदक बिघडला ही कारणे वाढत जाण्याचा धोका असतो.

यावरील उपाय अमेरिकेच्या आम्लपर्जन्य कार्यक्रमात सापडतो. १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर तेथील वीज केंद्रांवर सतत मापन सक्तीचे झाले. नोंद नसलेल्या तासांसाठी शून्य न धरता पर्यायी आकडा धरण्याचा नियम करण्यात आला. खंड जितका मोठा आणि केंद्राची माहिती उपलब्धता जितकी कमी, तितका हा आकडा केंद्राला अधिक प्रतिकूल असतो. त्यामुळे उपकरण दुरुस्त ठेवणे केंद्राच्याच हिताचे झाले. भारतातही २०१९ मध्ये सुरत येथे सूक्ष्म धूलिकणांसाठी उत्सर्जन व्यापार योजना सुरू झाली, ती सतत मापनाच्या आधारावरच. सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे तिच्या अभ्यासात आढळले.

तथापि, लहान उद्योगांची अडचण दुर्लक्षून चालणार नाही. मापन यंत्रणा, तिची देखभाल आणि अखंड वीज व इंटरनेट यांचा खर्च मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्याला सहज पेलतो. रंगाईच्या छोट्या कारखान्याला तो जड जातो. म्हणून अशा कारखान्यांचे सांडपाणी सामाईक प्रक्रिया केंद्रात आणून तेथे मापन करणे अधिक व्यवहार्य ठरते.

आणखी एक मर्यादा आहे. स्पंदन येत आहे म्हणजे काम योग्य चालले आहे असे नव्हे. म्हणूनच कुबरनेटीसमध्ये कंटेनर जिवंत आहे का, याची आणि तो काम स्वीकारण्यास सिद्ध आहे का, याची अशा दोन वेगळ्या तपासण्या आहेत. त्याचप्रमाणे संवेदकाचे नियमित अंशशोधन आणि प्रत्यक्ष नमुना तपासणी यांना अखंड जोडणी हा पर्याय होऊ शकत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून देखरेखीच्या कोणत्याही व्यवस्थेसाठी तीन गोष्टी आवश्यक दिसतात : जिवंतपणाची नियमित खूण, 'अज्ञात' या स्थितीची स्वतंत्र नोंद आणि त्या स्थितीत करावयाच्या कृतीचा पूर्वनिश्चित नियम. पहिली गोष्ट तंत्रज्ञान पुरवते. दुसरी व तिसरी मात्र प्रशासनाला ठरवाव्या लागतात. मौनाचा भार मौन पाळणाऱ्यावर पडला, तरच नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या नागरिकाला त्या संपर्काचा उपयोग होईल.

अभ्यासासाठी प्रश्न

१. 'माहितीचा अभाव हीसुद्धा माहिती असते.' सॉफ्टवेअर कंटेनरांच्या देखरेखीच्या संदर्भात हे विधान स्पष्ट करा.

२. ऑनलाइन सतत उत्सर्जन मापनाचे फायदे व मर्यादा पानिपतच्या उदाहरणाने विशद करा.

३. नोंद नसलेल्या कालावधीसाठी पर्यायी आकडा धरण्याच्या नियमामुळे उद्योगांच्या वर्तनात कोणता बदल अपेक्षित आहे? लहान उद्योगांच्या दृष्टीने चर्चा करा.