ज्येष्ठमधाचं चूर्ण घेताना

ज्येष्ठमधाला आपल्याकडे कोणी औषध मानत नाही, खरी अडचण तिथे आहे. घसा बसला की काडी चघळायची, खोकल्याच्या काढ्यात एखादा तुकडा टाकायचा, इतकी ती घरातली वस्तू. काडीपुरतं ते ठीक असतं. चघळताना पोटात थोडाच रस जातो आणि घसा सुटला की काडी बाजूला पडते. चूर्ण मात्र चमच्याने घेतलं जातं, रोज घेतलं जातं, आणि बंद कधी करायचं हे कोणी सांगत नाही.

माझ्या आत्याच्या बाबतीत हेच घडलं. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी जुनीच. थंडीत खोकला लागला, तेव्हा शेजारच्या बाईंनी मधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण घ्यायला सांगितलं. खोकला गेला. छातीतली जळजळही कमी वाटायला लागली, म्हणून चूर्ण सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून चालूच राहिलं. उन्हाळा सरता सरता तिच्या पायांवर सूज आली. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरून यायचा नाही. रक्तदाबही वाढला, म्हणून आधीच्या गोळीला लघवी वाढवणारी आणखी एक गोळी जोडली गेली. त्यानंतर पायांतलं बळच गेलं. पूजेला पाटावर बसली की हात धरून उठवावं लागे. वय झालं, असं जो तो म्हणायचा.

एका रात्री छातीत धडधडू लागलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. रक्तातलं पोटॅशियम 2.7 निघालं. ते साधारण 3.5 ते 5 असावं लागतं. ईसीजीतही बदल दिसत होते. ‘आणखी काही औषध घेता का?’ असं तिला आधीही विचारलं गेलं होतं आणि ‘गोळ्या तेवढ्या’ हेच उत्तर मिळालं होतं. तिच्या लेखी ते खरंच होतं. त्या रात्रीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला: ‘आजी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, ते क्रमाने सांगा.’ दात घासणं, चहा, आणि मग चूर्ण. डॉक्टरीणबाई तिथेच थांबल्या. असा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं.

ज्येष्ठमधाचा गोडवा ज्याच्यामुळे आहे, त्या ग्लायसिरायझिनचाच हा परिणाम. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडातलं एक विकर तिथल्यापुरतं त्याला निष्प्रभ करत असतं. ग्लायसिरायझिनपासून पोटात तयार होणारा पदार्थ त्या विकराला अडवतो. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडावर ॲल्डोस्टेरॉनसारखं काम करू लागतं: मीठ आणि पाणी अंगात धरलं जातं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. सूज, चढलेला रक्तदाब आणि पायांतली अशक्तता ही सगळी एकाच कारणाची लक्षणं. लघवीची गोळीही बहुधा पोटॅशियम घालवणारीच असते, त्यामुळे आत्याचं नुकसान दोन्ही बाजूंनी होत होतं.

हे काही आजच कळलेलं नाही. 1940च्या दशकात नेदरलँड्समधल्या रेव्हर्स या डॉक्टरांनी पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क वापरला. व्रणांना आराम पडला, पण काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. युरोपातल्या तज्ज्ञांनी रोजच्या ग्लायसिरायझिनला 100 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. चूर्णात ते 4 टक्के धरलं, तरी चार ग्रॅम चूर्णातून 160 मिलिग्रॅम पोटात जातं. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात मात्रा 2 ते 4 ग्रॅम दिलेली आहे. पण चांगला वैद्य माणूस पाहून मात्रा आणि किती दिवस घ्यायचं ते ठरवतो, मध्ये तपासतो. शेजारच्या सल्ल्यात नेमकं तेवढंच नसतं. माझी तक्रार आयुर्वेदाबद्दल नाही, या वगळलेल्या भागाबद्दल आहे.

म्हणून सांगते. रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, लघवीची गोळी, डिगॉक्सिन किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर हे चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका. गरोदरपणात तर नकोच. बाकीच्यांनीही घसा बरा झाला की थांबावं. जळजळ कमी वाटते म्हणून महिनोन्‌महिने घेऊ नये. ती जात नसेल तर तिचं कारण शोधायला हवं. विकत घेताना काडी घ्या: साल तपकिरी, आतून पिवळी, चव गोड. ज्येष्ठमधात गुंजेच्या मुळ्यांची भेसळ होते, आणि दळून आलेल्या पुडीत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही.

चूर्ण बंद केलं, पोटॅशियम दिलं आणि आत्याची सूज काही आठवड्यांत उतरली. वाढवलेली गोळीही पुढे कमी झाली. तुमच्या घरी कोणी असं चूर्ण रोज घेत असेल आणि पाय सुजलेले, बळ गेलेलं वाटत असेल, तर पुढच्या तपासणीला गोळ्यांच्या पाकिटांबरोबर चूर्णाची बरणीही न्या. छातीत धडधड असेल, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा आणि पोटॅशियम तपासून घ्या.