चिट्टीनं असं करायला नको होतं

रविवार होता, साडेबाराचा सुमार. मी भाकरी थापत होते. एक तव्यावर, एक परातीत आणि डोक्यात सोमवारची कामं. तेवढ्यात आमचं शेंडेफळ, वय वर्षं दहा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं. हातात माझा मोबाइल, डोळे तांबारलेले.

“मम्मी, चिट्टी चीटर निघाला.”

“कोण चिट्टी?”

“अगं, चिट्टी! रोबोट! त्यानं कबुतरांना मध्ये घातलं.”

“अरे, पिक्चरच आहे तो. मोबाइल चार्जिंगला लाव, हात धू, ताटं घे.”

मोबाइल चार्जिंगला लागला. हातही धुतले गेले. पण जेवताना पोरगं मान वर करेना. भरली वांगी होती, त्याच्या आवडीची, तरी.

“पिक्चरच आहे तो” हे आपण सगळेच म्हणतो. “कार्टूनच आहे”, “गेमच आहे” ही त्याचीच भावंडं. वाईट मनानं नाही म्हणत. तवा तापलेला असतो, हात पिठाचे असतात आणि समोरच्या दुःखाचं काय करायचं ते सुचत नसतं. मग त्याला छोटं करून टाकायचं, की काम पुढे सरकतं.

आणि आपलं स्वतःचं काय असतं? मालिकेतली नायिका एका सोमवारी बदलते. साडी तीच, सासू तीच, बाई दुसरी. मग आपण आठवडाभर शेजारणीशी तेच बोलत राहतो. मी तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेली. २०१७ साली त्याचा सिनेमा आला आणि पडद्यावर शाळकरी फेणेऐवजी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला उंच अमेय वाघ दिसला, तेव्हा मी मध्यंतरापर्यंत नवऱ्याशी वाद घातला होता. काम छान केलं होतं त्यानं. पण माझा फेणे फुरसुंगीचा, सायकलवरचा, काडीपैलवान पोरगा होता. तेव्हा मला कुणी “पिक्चरच आहे तो” म्हटलं असतं, तर मी बोललेच नसते त्याच्याशी.

हे आठवलं ते भांडी घासताना. मोबाइल मीच दिला होता, हेही तेव्हाच आठवलं. अडीच तास घर शांत राहावं म्हणून. त्या अडीच तासांत त्यानं काय पाहिलं, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळायला नको होतं. रात्री तो झोपल्यावर मी तो सिनेमा लावला. झोपेचं खोबरं झालं, पण पाहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. २०१० साली शंकर या दिग्दर्शकाचा ‘रोबोट’ आला, मूळ तमिळ ‘एंदिरन’. रजनीकांतच शास्त्रज्ञ वसीकरण आणि रजनीकांतच त्यानं बनवलेला यंत्रमानव चिट्टी. चिट्टीला भावना येतात, तो सनाच्या, म्हणजे ऐश्वर्या रायच्या प्रेमात पडतो, बिथरतो, लाल चिपमुळे राक्षस होतो. शेवटी भानावर आल्यावर स्वतःच्या हातानं स्वतःचा एकेक भाग सुटा करतो. नंतर तो संग्रहालयात ठेवलेला दिसतो. तिथं एक शाळकरी मुलगी विचारते, याला का बरं मोडलं? तर तो सांगतो की मी विचार करायला लागलो होतो म्हणून.

हा पहिला भाग पोरानं शनिवारी टीव्हीवर आज्जीच्या मांडीवर डोकं ठेवून पाहिला होता. शेवटी दोघंही नाक ओढत होती. त्यामुळे रविवारी दुसरा भाग लावताना त्याच्या मनात एक चिट्टी पक्का बसलेला होता. चुकलेला, पण चूक कळल्यावर स्वतःला शिक्षा करून घेणारा.

दुसरा भाग ‘२.०’, नोव्हेंबर २०१८ चा. लोकांच्या हातांतले मोबाइल उडून जायला लागतात. मागे असतो पक्षीराजन. अक्षय कुमारनं केलेला हा म्हातारा पक्षीतज्ज्ञ. टॉवरमुळे पाखरं मरतात म्हणून तो दारोदार फिरतो, कुणी ऐकत नाही, शेवटी तो टॉवरवरच जीव देतो आणि मग सूड घ्यायला परत येतो. त्याला हरवायला चिट्टीला पुन्हा जोडतात. साधा चिट्टी हरतो. मग लाल चिपवाला, गॉगलवाला चिट्टी येतो. आणि शेवटी चिट्टीची इवलीइवली पिल्लं कबुतरांवर बसून येतात. पक्षीराजन पाखरांना धक्का लावणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. तिथंच तो अडकतो, तिथंच हरतो.

सिनेमा आला तेव्हा त्या गॉगलवाल्या चिट्टीवर थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. आणि बाहेर पडल्यावर बरेच जण म्हणत होते की भव्यता डोळे दिपवणारी आहे, पण पहिल्या भागातलं चिट्टीचं काळीज कुठं गेलं? म्हणजे मोठमोठ्या चाहत्यांना जे खुपलं, ते माझ्या दहा वर्षांच्या पोराला खुपलं होतं. त्याच्याकडे शब्द एकच होता, चीटर.

आता यात आमचं गावही आडवं येतं. आम्ही पैठणचे. जायकवाडीच्या भिंतीपलीकडं नाथसागर पसरलेला आणि १९८६ पासून तिथं पक्षी अभयारण्य आहे. थंडीत रोहित पक्षी उतरतात. याचे पप्पा दर हिवाळ्यात याला गाडीवर पुढं बसवून भल्या पहाटे काठावर नेतात. कानटोपी, थर्मासमध्ये चहा, एकच दुर्बीण आणि ती कुणी धरायची यावरून वाद. संभाजीनगरला गेलो की सलीम अली सरोवरावरून जाताना ते कोण, हे याला दर वेळी सांगावं लागतं, माहीत असलं तरी. पक्षीराजनवर पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची सावली आहे, असं सिनेमा आला तेव्हाच बोललं गेलं होतं. अशा पोराला तुम्ही पाखरांवर जीव लावणारा म्हातारा खलनायक म्हणून दाखवला, तर तो कुणाच्या बाजूनं उभा राहणार?

सोमवारी संध्याकाळी मी त्याला म्हटलं, “मी पाहिला रे तुझा पिक्चर.”

पोरगं असं वळलं, जसं काही मी त्याच्या शाळेत अचानक डबा घेऊन गेले होते.

आणि इथं माझी दुसरी चूक. पालकत्वावरचं वाचून वाचून आपण थोडे पिकलेले असतो ना! पोरगं एक बोललं की आपण त्याच्या मागचं दुसरं शोधायला लागतो. आमची थोरली यंदा अकरावीला लातूरला गेलीय. दिवाळीत आली ती आमची नव्हेच. उशिरा उठायची, मोबाइलमध्ये डोकं, धाकट्याशी कॅरमचा एक डाव नाही. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. चिट्टी म्हणजे ताई! बदललेला चिट्टी म्हणजे बदललेली ताई! मी अगदी मऊ आवाज काढला, केसांतून हात फिरवला आणि विचारलं, “तुला ताईची आठवण येतेय का? ती पण बदलली असं वाटतं का तुला?”

त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं. “मम्मी, मी चिट्टीबद्दल बोलतोय. ताईचं काय मध्येच?”

आधी त्याचं म्हणणं मी छोटं करून बाजूला ठेवलं होतं. आता मोठं करून बाजूला ठेवत होते. तो बिचारा सरळ विचारत होता, मी त्याला घाटावरून फिरवून आणत होते.

मग मी नुसतं विचारलं, “बरं, मग चिट्टीनं काय करायला हवं होतं?”

पाऊण तास, सांगते तुम्हाला! कुकरच्या तीनच्या जागी सहा शिट्ट्या झाल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. चिट्टी पहिल्यांदा हरला तेव्हा हरू द्यायचा होता. लाल चिप वाईट, हे पहिल्या भागात ठरलंय, मग ती पुन्हा बसवलीच कशी? सनासाठी एवढं रामायण केलं आणि आता ती निला रोबोट आवडायला लागली, हे काय? आणि सगळ्यात मोठं म्हणजे कबुतरं. “ज्याला पाखरं आवडतात त्याला पाखरांनीच अडवायचं? हे तर असं झालं की मी रडावं म्हणून कुणी आपल्या मनीला धरलं.” मनी म्हणजे आमची मांजर.

मला उत्तर नव्हतं. शेवटी वसीकरणही कबूल करतो की पक्षीराजनचं म्हणणं खरं होतं, असं मी म्हणून पाहिलं. तर म्हणाला, “मग आधीच ऐकायचं ना त्याचं.”

आपले टॉवर खरंच पाखरं मारतात का, हेही त्यानं विचारलं. सिनेमा यायच्या आधी मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं सेन्सॉर बोर्डाकडे तक्रार केली होती की हा सिनेमा अवैज्ञानिक गोष्टी पसरवतो. मी त्याला सांगितलं, तसं पक्कं सिद्ध झालेलं नाही. चिमण्या कमी दिसतात त्याला घरटी करायला नसलेल्या जागा, फवारण्या, कमी झालेले किडे अशी बरीच कारणं असू शकतात. त्याचं समाधान अर्धवटच झालं. असू दे.

तीन रात्रींनंतर दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला.

“मम्मी, त्या आजोबांना कुणी थांबवलं का नाही?”

मला आधी कळेना कोण आजोबा. मग कळलं आणि पोटात खड्डा पडला. कबुतरांवर पाऊण तास बोललेल्या पोरानं त्या टॉवरवरच्या प्रसंगाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. तो एकट्यानं पाहिला होता, इवल्याशा पडद्यावर, मी पलीकडे भाकरी थापत असताना.

मी त्याच्या अंथरुणावर जाऊन बसले. शहाणपणाचं काही सुचलं नाही. म्हटलं, “थांबवायला हवं होतं रे. आणि त्यांनीही कुणाला तरी सांगायला हवं होतं, मला फार वाईट वाटतंय म्हणून. सांगितलं असतं तर कुणीतरी बसलं असतं जवळ.” तो म्हणाला, “सलीम अलींचं पण असंच झालं?” मी म्हटलं, छे, ते चांगले नव्वदी गाठून १९८७ साली गेले, पाखरं बघत बघत. त्यावर “मग बरं” म्हणून त्यानं कूस बदलली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

म्हणून एवढंच सुचवते, तेही माझं चुकलंय म्हणून. सगळे सिनेमे मुलांबरोबर बघणं आपल्याला जमत नाही. पण दुसऱ्या भागाचा शेवटचा अर्धा तास तरी शेजारी बसून बघावा. भाजी निवडत बसलं तरी चालतं. आवडतं पात्र मरतं, बदलतं, पडतं ते बहुतेक तिथंच. पुढच्याच रविवारी घरात पाहुणे होते आणि मी पुन्हा मोबाइल त्याच्या हातात दिला, हेही लपवत नाही.

या सगळ्यात खरी कमाल केली ती सासूबाईंनी. त्यांना चिट्टी आवडलेला, दुसऱ्या भागात त्यांना रस नाही. नातवाची कुरकुर ऐकून म्हणाल्या, “काहून रडतो रे? नाथांचं रामायण पण नाथांनी पुरं नाही केलं.”

पैठणच्या घरात नाथ म्हणजे एकनाथ, हे सांगायला नको. परंपरा सांगते, भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत नाथांनी लिहिलं आणि पुढचं गावबानं पूर्ण केलं. गावबा म्हणजे नाथांच्या घरी वाढलेला, पुरणपोळीसाठी वेडा असलेला पोरगा, ज्याच्याकडून कुणाला फारशी आशा नव्हती.

“मग नाव कुणाचं लावलं?” पोराचा पहिला प्रश्न.

“नाथांचंच.”

“आणि राम बदलला का त्यात?”

आज्जी हसल्या. “बदलला असता तर लोकांनी गावबाला पुरणपोळी दिली असती व्हय?”

त्या दिवसापासून आमच्या घरात जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर ‘२.०’ चा नवा शेवट लिहिणं चालू आहे. त्यात चिट्टी नाथसागरावर येतो. पुढं काय होतं ते मला वाचायला मिळालेलं नाही, कारण मी कबुतरांवर पुरेशी चिडले नव्हते.

परवा लातूरहून थोरलीचा फोन आला. दोन मिनिटांत “जेवलीस का, जाते आता” संपलं आणि धाकट्यानं फोन ओढून घेतला. त्यानं कबुतरांचं सुरू करायचा अवकाश, तिकडून ती ओरडली, “ए येड्या, गॉगलवाला चिट्टीच भारी आहे! पहिला नुसता रडका!”

“तू पिक्चर नीट पाहिलाच नाहीस!”

“मी चार वेळा पाहिलाय!”

मी भाकरी उलटायला गेले. परत आले तेव्हा पोरगं पलंगावर उभं राहून फोनमध्ये ओरडत होतं आणि तिकडून ती त्याच्यावर. मेसची जेवणाची वेळ टळून गेली होती. मी घड्याळाकडे पाहिलं आणि काही बोलले नाही.