शाळा तीच, मालक बदलला

प्रश्न : मी 1998 साली जनपद पंचायतीकडून शिक्षाकर्मी म्हणून लागले. आता आदेशात ‘प्राथमिक शिक्षक’ लिहितात. माझी बदली झाली की नवी नेमणूक?
– एक शिक्षिका, खकनार

उत्तर : ताई, बदली नाही, तुमचा नियोक्ता बदलला. शिक्षाकर्मी पंचायतीचे किंवा नगरपालिकेचे नोकर होते. 2007 पासून ते ‘अध्यापक’ झाले, तरी आस्थापना स्थानिक संस्थेचीच राहिली. मध्य प्रदेश शासनाने 2018 मध्ये नवे नियम करून 1 जुलै 2018 पासून त्यांना राज्याच्या शिक्षक संवर्गात घेतले. सहायक अध्यापक प्राथमिक शिक्षक झाले, अध्यापक माध्यमिक शिक्षक आणि वरिष्ठ अध्यापक उच्च माध्यमिक शिक्षक. खकनार आदिवासी विकासखंड असल्याने तुमचा विभाग जनजातीय कार्य.

खरी मेख एका शब्दात आहे. आदेशात ‘नियुक्ती’ म्हटले आहे, ‘संविलियन’ (विलीनीकरण) नाही. म्हणून जुनी सेवा कशाकशाला धरायची, यावर संघटनांचा वाद आहे.

तुम्ही एवढे करा : सेवापुस्तक मागून पाहा. 1998 ची पहिली नोंद, 2007 ची आणि 2018 ची, तिन्ही पाने सहीशिक्क्यानिशी सलग हवीत. मधले पान कोरे असेल, तर संकुल प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा.