कोरा फॉर्म चालेल

सोमवारी तू पहिल्यांदा फील्डवर निघालीस, म्हणून लिहिते. नमुना कसा काढायचा हे तुला कॉलेजात शिकवलं असेल. दारात कसं उभं राहायचं ते तिथे कुणी शिकवत नाही.

वस्तीत शिरताना 'बायकांच्या आरोग्याचा सर्व्हे' एवढंच सांग. मारहाणीचा विषय फक्त त्या बाईपाशी, एकटी असताना, तिची संमती घेऊन काढायचा. एका घरातली एकच बाई घे. जावेलाही तेच विचारलंस तर संध्याकाळपर्यंत घरभर होतं.

"तुमच्यावर हिंसा होते का?" असं विचारू नकोस. "नाही बाई, आमचे हे चांगले आहेत," असंच उत्तर येणार. थोबाडीत मारली का, केस धरून ओढलं का, ढकललं का, असं एकेक विचार. मग पदराशी चाळा करत ती म्हणते, "ते होतंच की." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही असंच विचारतात. 2019-21 च्या फेरीत देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहितांपैकी 29 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण वा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. सांगितलं, तेवढंच आकड्यात आलं.

सासू आत आली की विषय बदल. कोणता, ते आधीच ठरवून जा. माझा पोराच्या लसीचा असायचा. एकदा मात्र चुकले. पाच वर्षांचा मुलगा कोपऱ्यात गाडी खेळत होता. मोठं मूल समोर नको हा दंडक ठाऊक असून मी सोडून दिलं. रात्री त्यानं बापाला सगळं बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाईनं दार उघडलं नाही. तो फॉर्म पूर्ण भरलेला होता, आणि मला आजही वाटतं, तो कोरा असता तर बरं झालं असतं.

मदतीचं पत्रक घरात ठेवून येऊ नकोस, नवऱ्याच्या हाती लागतं. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ करून दे. मुंबईत असलीस तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं 'दिलासा' हे मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठीचं मदत केंद्र सांग. हातात केसपेपर असला की कुठे गेली होतीस, हे कुणी विचारत नाही.

बाकी नोकरीचं म्हणशील तर अकरा-अकरा महिन्यांची कंत्राटं, त्याची सवय होते. रात्री झोप उडाली तर टीममध्ये बोल, अंगावर काढू नकोस.

आणि निघण्याआधी, बायकांना जे नंबर देणार आहेस त्यांवर स्वतः फोन लावून बघ. कुणी उचलतं का, ते आधी कळू दे.