मोटारीचा विमा मुदतीआधी बंद करताना

गाडी विकली की बहुतेकांच्या मनात पहिला हिशेब येतो तो विम्याचा. चार महिन्यांपूर्वीच तर दहा हजार भरलेत, उरलेल्या आठ महिन्यांचे परत मिळतील ना? मिळतात; पण सगळेच मिळतात असे नाही आणि प्रत्येकाला मिळतात असेही नाही. शिवाय पॉलिसी घाईने बंद केली, तर परत आलेल्या दोन-चार हजारांच्या कितीतरी पट रक्कम अंगावर येऊ शकते. म्हणून अर्ज करण्याआधी पॉलिसी समोर घेऊन बसा.

प्रीमियमच्या तक्त्यात दोन मुख्य आकडे दिसतील. एक स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कोणाला इजा झाली किंवा त्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईचा. यावर १८ टक्के जीएसटी. परताव्याचे नियम या दोन भागांना सारखे लागू होत नाहीत. गोंधळ होतो तो इथेच.

आधी ओन डॅमेज पाहू. पूर्वी विमाधारकाने मध्येच पॉलिसी बंद केली की जुन्या मोटार टॅरिफमधला अल्पमुदतीचा तक्ता लागत असे. पहिल्या महिन्यातच बंद केली तरी वर्षाच्या प्रीमियमपैकी २० टक्के कंपनी ठेवून घेई, चार महिन्यांनी ५० टक्के, आणि आठ महिने उलटून गेले की हातात काहीच येत नसे. विमा नियामक आयआरडीएआयने ११ जून २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकाने हे बदलले. आता वैयक्तिक ग्राहक कारण न देता केव्हाही पॉलिसी रद्द करू शकतो. पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या मुदतीत एकही क्लेम घेतलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम परत द्यायचा आहे.

आकड्यांत बघू. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ५,००० रुपये आहे आणि तुम्ही १२० दिवसांनी पॉलिसी बंद करता. २४५ दिवस उरले. ५,००० ला ३६५ ने भागून २४५ ने गुणा: सुमारे ३,३५६ रुपये. जुन्या तक्त्याने २,५००च आले असते. कोणी तो तक्ता पुढे केला, किंवा परताव्यातून 'चार्जेस' म्हणून काही कापले, तर कोणत्या नियमाखाली कापले ते लेखी मागा. परताव्याच्या पत्रकात जीएसटीचा हिशेब कसा केला आहे तेही तपासा.

क्लेमची अट मात्र हलकी समजू नका. पार्किंगमध्ये बंपर घासला म्हणून दीड हजारांचा क्लेम घेतला असेल, तरी त्या वर्षाचा परतावा देण्याचे बंधन कंपनीवर राहत नाही.

आता थर्ड पार्टी. हा विमा तुमच्या सोयीसाठी नाही, रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. त्यामुळे गाडी रस्त्यावर धावत असेपर्यंत तो नुसता 'नको' म्हणून बंद करता येत नाही. त्याच गाडीचा दुसरा थर्ड पार्टी विमा घेतल्याची प्रत दाखवली, किंवा गाडी पूर्ण निकामी झाली असेल, तर तो बंद होतो. १००० ते १५०० सीसीच्या खासगी मोटारीसाठी जून २०२२ पासूनचा वार्षिक दर ३,४१६ रुपये आहे. वरच्याच उदाहरणात, दुसरी पॉलिसी दाखवल्यास यातले सुमारे २,२९३ रुपये सुटतील.

नवी मोटार घेताना थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. एक वर्षाहून मोठ्या अशा पॉलिसीत ज्या वर्षांचे संरक्षण अजून सुरूच झालेले नाही, त्यांचा प्रीमियम परत मिळू शकतो. पण गाडी विकताना थर्ड पार्टी विमा कलम १५७ नुसार गाडीबरोबर खरेदीदाराकडे जातो. तो बंद करण्याच्या खटपटीत पडण्यापेक्षा उरलेल्या मुदतीची किंमत गाडीच्या सौद्यातच धरून घ्या.

आता मोठ्या धोक्याकडे येऊ. गाडी विकली, पैसे हातात आले, किल्ली दिली. खरेदीदार म्हणतो, "आरसी पुढच्या आठवड्यात नावावर करतो." तुम्ही इकडे विमा बंद केलात. त्या आठवड्यात अपघात झाला तर? आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. विमा नाही आणि नाव तुमचे, म्हणजे लाखोंची भरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. इंदूर, बडोदा, बेळगाव, कुठेही राहत असा, नियम हाच. म्हणून क्रम सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून द्या, आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची खात्री करा, त्याच्या नव्या पॉलिसीची प्रत घ्या, आणि मग रद्द करण्याचा अर्ज करा. यात पंधरा दिवस गेले तर वरच्या हिशेबाने ओन डॅमेजचे जेमतेम दोनशे रुपये कमी मिळतील. जाऊ द्या ते दोनशे.

अर्जाबरोबर आणखी एक कागद मागायचा असतो, आणि नेमका तोच लोक विसरतात: नो क्लेम बोनसचे प्रमाणपत्र. हा बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. क्लेम न घेतलेल्या सलग वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि ओन डॅमेजच्या प्रीमियममधून वजा होतो. समजा, तुमचा बोनस ४५ टक्के आहे आणि नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम २०,००० रुपये आहे. ९,००० रुपये तिथेच वाचले. परताव्यापेक्षा हीच रक्कम मोठी! गाडी विकल्यावर प्रमाणपत्र घेऊन ठेवले तर ते तीन वर्षे चालते.

गाडी तीच ठेवून केवळ स्वस्त मिळतो म्हणून मध्येच कंपनी बदलणाऱ्यांनीही थोडा विचार करावा. अर्धवट राहिलेल्या वर्षाचा वाढीव बोनस मिळत नाही. आहे तीच टक्केवारी पुढे जाते. मुदत संपायला दोन-तीन महिने उरले असतील तर माझ्या मते थांबणेच बरे. बदलायचेच असेल तर नवी पॉलिसी आधी सुरू करा, जुनी नंतर बंद करा. मधला एक दिवसही विम्याशिवाय गाडी चालवलीत तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला आधी विचारा.

रद्द करण्याचा अर्ज ईमेलने करा किंवा शाखेत देऊन पोच घ्या. एजंटला फोनवर सांगितलेले पुढे सिद्ध करता येत नाही. परतावा अडला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. अर्जाची पोच, पॉलिसीची प्रत आणि आरसी बदलल्याचा पुरावा एवढे कागद जवळ ठेवा.