गोळी सोडणाऱ्या भाच्यास

‘चि. बाळास अनेक आशीर्वाद’ एवढं रीतीप्रमाणे लिहून झालं आणि दुसऱ्याच ओळीत आत्याबाईंनी विचारलं, ‘गोळी बंद केलीस म्हणे?’

बातमी वहिनींकडून इचलकरंजीला पोचली होती. एकतिसाव्या वर्षी भाच्याचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल, २१२ निघालं. तीन महिने स्टॅटिनची गोळी घेतल्यावर ते ९६ वर आलं. रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला, असं म्हणून त्याने पाकीट कपाटात टाकलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लसूण-लिंबाचा काढा सुरू केला.

आत्याबाई विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे रागावतातही मुद्देसूद. कोलेस्ट्रॉल मुख्यतः आपलं शरीरच तयार करतं. रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे ग्राहक यकृताच्या पेशींवर असतात आणि काही घराण्यांत जन्मतःच ते कमी पडतात. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. अशा माणसाने तळण सोडावं, टेकडी चढावी, सिगारेटला हात लावू नये. पण तेवढ्याने सहसा भागत नाही. गोळी सोडली की काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर येतो. ‘चष्म्याने नीट दिसायला लागलं म्हणून चष्मा फेकतोस का रे?’

स्टॅटिन म्हणजे कंपन्यांचा डाव, ही अफवाही त्यांनी सोडली नाही. अकिरा एंदो या जपानी संशोधकाने हजारो बुरशा तपासून १९७३ च्या सुमारास पहिलं स्टॅटिन शोधलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन चाचणीतल्या ४,४४४ हृदयरुग्णांपैकी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांग, मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. पण परस्पर गोळी का सोडलीस?

इथून पुढे अक्षर बिघडलंय. ‘तुझ्या बाबांच्या टाचेमागच्या शिरेवर गाठी होत्या. चप्पल लागते म्हणून मीच हळद लावून द्यायचे, वर चिडवायचेही. कोलेस्ट्रॉल तिथेही साठतं, हे मला फार उशिरा कळलं.’ त्यांच्या या चाळिशीतल्या दादाच्या छातीत जळजळ झाली, घरात सगळे पित्त म्हणाले, तो सोडा पिऊन झोपला. पुढचं आत्याबाई लिहीत नाहीत. भाच्याला ते ठाऊक आहे. त्या परत विचारतात, ‘गोळी का सोडलीस?’

मग सूर उतरतो. तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, तुला काय बोलायचं, असं म्हणून त्या कामाचं लिहितात. दोष आनुवंशिक असेल तर प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून भाच्याच्या ताईची तपासणी करायची, घरातल्या छकुलीचं डॉक्टरांना विचारायचं. शनिवारी त्या स्वतः पुण्याला येणार आहेत. दादाची सख्खी बहीण असून त्यांनी आपलं एलडीएल आजवर एकदाही पाहिलेलं नाही. ‘सुईची मला फार भीती वाटते रे. रक्त काढताना तू शेजारी उभा राहा.’